इथंबी कागद लागते का?

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो, प्रिंटरवर कापड टाकतो आणि काउंटरवरचे अर्जांचे गठ्ठे उचलून कपाटावर ठेवतो. दिवसभर ज्या काउंटरवर उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पीकविम्याचे फॉर्म आणि जात पडताळणीच्या फायली सरकत असतात, त्यावर मग हाताने काढलेला एक नकाशा पसरतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर स्टॅम्पपॅड, पंच मशीन, पाण्याची बाटली आणि कंडक्टर काकांच्या चष्म्याचं घर ठेवलं की आमचा खेळ सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, अशाच एका शनिवारी माझ्यासमोर पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, पोराचा कागद होता. खेळातलं त्याचं आधीचं पात्र मागच्या खेपेला पुरात वाहून गेलं होतं, म्हणून त्याने नवं करून आणलं होतं. नाव भीमू, वय एकोणीस, काम जागल्या, म्हणजे रात्री जागून वावर राखणारा. ‘काय येतं’ या रकान्यात दोनच ओळी होत्या. अंधारात आवाजावरून जनावर कोणतं आणि किती, ते सांगतो. पाच भाषा बोलतो.

माझ्या हातात दिवसभराचं लाल पेन होतं. मी दोन्ही ओळींखाली रेघ मारली, बाजूला प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणालो, “याला आधार काय?”

त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, “दादा, इथंबी कागद लागते का?”

कोणी हसलं नाही. आदल्याच दिवशी तो याच काउंटरच्या पलीकडे उभा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची जात वैधतेची फाइल अडली होती. अनुसूचित जमातीसाठी मानीव दिनांक ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात, कारण रोज कोणाला तरी सांगाव्या लागतात. त्या तारखेआधीची नोंद आणा. तो कोलाम. त्याचा आजा शाळेची पायरी कधी चढलाच नाही, तेव्हा दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव कुठून असणार? कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल काढायला गेला, तर ते पानच निघालं नाही. शुक्रवारी मी त्याला जे विचारलं होतं तेच शनिवारी विचारलं. शब्द तेच, आवाज तोच, पेनही तेच.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक जण जग सांभाळतो, बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात. तुझ्यासमोर दरी आहे, पलीकडून धूर येतोय, काय करशील? ज्याचं पात्र तो सांगतो, आणि जिथं जमेल की नाही असा प्रश्न येतो तिथं वीस बाजूंचा फासा पडतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. मी तो पुण्यात नोकरीला असताना शिकलो. २०२० साली गावी परत आलो तेव्हा सामानात नियमपुस्तकं होती, फासे नव्हते. मागवलेले फासे येईपर्यंत आम्ही कंपासपेटीत वीस चिठ्ठ्या टाकून खेळलो. काका अजून चिठ्ठीच काढतात. हातातून गडगडत जाणाऱ्या वस्तूवर त्यांचा भरवसा नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं. खेळायला आम्ही पाच जण. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, माझा आतेभाऊ, तांड्यावरची नर्सिंग करणारी पोरगी, पोडावरचा हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पोरगा आणि मी. जग मी सांभाळतो म्हणून खेळापुरतं मला मास्तर म्हणतात. हरभऱ्याच्या दिवसांत थ्री फेजची लाइन रात्रीची असली की आतेभाऊ खेळ अर्धा टाकून ओलिताला जातो आणि त्याचं पात्र तेवढा वेळ ‘तंबूत झोपलेलं’ असतं.

त्या शनिवारी खेळ लवकर मोडला. घरी जाऊन मी नियमपुस्तकं काढून बसलो. पटणार नाही असं काही एखाद्या पात्राने आपल्या पूर्वायुष्यातून आणलं तर काय करायचं, यावर पन्नास वर्षांत लोकांनी काय काय केलंय ते मला पाहायचं होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या लाल रेघेला आधार हवा होता.

१९७४ च्या त्या पहिल्या खेळात हा प्रश्नच फारसा नव्हता. पात्राला भूतकाळ नसायचा. सहा गुण फाशावर यायचे, एक पेशा घ्यायचा, थोडं सोनं मिळायचं, आणि चालू पडायचं. माणूस जणू दारातच जन्मला. १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ने उलट टोक गाठलं. तिथं पात्राचं आधीचं आयुष्य चार-चार वर्षांच्या पाळ्यांनी आधीच खेळून घ्यायचं. नौदलात चार वर्षं, मग आणखी चार. प्रत्येक पाळीत काही कसब मिळायचं आणि प्रत्येक पाळीत जगला का मेला याचाही फासा पडायचा. खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरू शकायचं. कसब पाहिजे तर तेवढं वय आणि तेवढा धोका मोजा, असा हा सौदा. मला तो फार प्रामाणिक वाटतो.

‘गर्प्स’ नावाच्या खेळात सगळं गुणांवर विकत घ्यावं लागतं, आणि त्यात ‘वेगळी पार्श्वभूमी’ नावाची एक वस्तूच आहे. तुझ्या जगात जे सहसा कोणाला येत नाही ते तुला येतं? ठीक, येऊ दे. पण त्या वेगळेपणाचे गुण निराळे मोज. गुण किती ते मास्तर ठरवणार. यात पटतं की नाही याची चर्चाच संपते, दर ठरतो आणि व्यवहार होतो. पण हा दर लावणारा मास्तर ज्याला वेगळं म्हणेल तेच वेगळं, ही गोष्ट त्या रात्री मला टोचली.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत तेरा तयार पार्श्वभूमी आहेत. नाविक, सैनिक, पुजारी, पंडित, गुन्हेगार, सरदार वगैरे. प्रत्येकीबरोबर दोन कौशल्यं आणि एक खास सोय येते. नाविक असशील तर जहाजावर फुकट जागा मिळते. रानात वाढला असशील तर रान देणारं असेल तिथं रोज स्वतःचं आणि आणखी पाच जणांचं अन्नपाणी शोधून आणता येतं. मी भीमूच्या पाच भाषा त्या पुस्तकात बसवून पाहिल्या. साध्या माणसाला दोन भाषा. आयुष्यभर ग्रंथांत डोकं घातलेल्या पंडिताची पार्श्वभूमी घेतली तर आणखी दोन. चार झाल्या. ग्रंथालयात जन्म घालवलेला माणूस जिथं चारवर थांबतो तिथं एका जागल्याला पाच? पुस्तक माझ्या बाजूने होतं.

तरी झोप लागली नाही. दोन दिवसांनी मीच त्या पोराला म्हणालो, “तुझ्या बाबांसोबत एक रात्र जागलीवर येऊ का?”

“या ना दादा. कानटोपं घेऊन या. थंडी लय पडून रायली.”

त्यांचं वावर रानाला लागून आहे. दोन एकर हरभरा, पलीकडे दुसऱ्याच्या वावरात कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अर्धी वाळलेली. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधून कुंपण केलेलं. दिवसा ते लाल-हिरवं कुंपण तोरणासारखं दिसतं, रात्री वाऱ्यावर साडी फडफडली की काळजात धस्स होतं. सागाच्या चार बल्ल्यांवर मचाण, वर ताडपत्री, खाली शेकोटी. हाताशी एक बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा पिपा.

त्याचे बाबा मोजकंच बोलणारे. बारा वाजेपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीने बिडीच्या, कापसाच्या भावाच्या आणि पोराच्या फायलीच्या गोष्टी करत होतो. मग त्यांनी हात वर केला. मी काहीतरी विचारत होतो, तर म्हणाले, “बोलू नोको भाऊ. आयक.”

मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसले होते. पोरगाही तसाच, तोंड तसंच उघडं. नंतर त्याने मला कारण सांगितलं. तोंड बंद ठेवलं की आपलाच श्वास नाकात वाजतो आणि त्याखाली बारीक आवाज बुडतो. मीही तोंड उघडलं. थंड हवा दातांना लागली. बऱ्याच वेळाने पऱ्हाटीच्या बाजूने एक आवाज आला. कट्. मग शांत. मग दोनदा, कट् कट्.

“डुक्कर का?” मी कुजबुजलो.

“डुक्कर नाही. डुक्कर ढकलत येते, त्याचा आवाज घसटत येते. हे पाय उचलून टाकते. काडी मोडते अन् थांबते. रोही हाये.” रोही म्हणजे नीलगाय. मग थोडा वेळ गेला. दुसरा कट् पहिल्याच्या मधल्या फटीत येत होता, हे त्यांनी सांगितल्यावर मलाही कळायला लागलं, जसा तबल्यातला डग्गा कोणी बोट दाखवल्यावर वेगळा ऐकू येतो. “दोन हायेत. एक जड हाये.”

त्यांनी बॅटरी मारली. पऱ्हाटीच्या वर चार डोळे हिरवे चमकले. आणि क्षणभराने, खूप खाली, आणखी दोन.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. “पिल्लू मायच्या पावलात पाऊल टाकते. ते मोजता येत नाही,” म्हणाले आणि पिपा वाजवायला उठले. परत आल्यावर शेकोटीला काडी सारत सांगत होते की वारा पलटला की अंदाज चुकतो, आणि पाणी लागलं, म्हणजे पाऊस सुरू झाला, की काहीच समजत नाही, तेव्हा बॅटरी मारत बसायचं. हे सगळं मी न विचारता. मी गेलो होतो त्यांना येतं का ते पाहायला आणि ते मला कुठं येत नाही ते सांगत होते.

सकाळी पोडावर त्याच्या आईने कोरा चहा दिला. तेवढ्या अर्ध्या तासात ती पोराशी कोलामीत बोलली, माझ्याशी वऱ्हाडीत, वेचणीला निघालेल्या तांड्यावरच्या बायांशी त्यांच्या गोरमाटीत, भांडी विकायला आलेल्याशी हिंदीत. मग मोबाइल वाजला आणि ती तेलुगूत कोणाशी तरी भांडायला लागली. मुकादम होता. मिरचीतोडणीला तेलंगणात जायचं होतं, गाडीभाड्याचं ठरत नव्हतं. मी बोटं मोजत होतो हे तिच्या लक्षातही आलं नसेल. भीमूच्या पाच भाषा त्या पोराने आईकडून आणल्या होत्या आणि कान बापाकडून. कागदावर दोन ओळींत त्याने आपलं घर लिहून दिलं होतं, आणि मी त्याखाली लाल रेघ मारली होती.

घरी येताना गाडीवर मला एकच गोष्ट छळत होती. मी पुण्यात वर्ष-दोन वर्षं खेळलो, समुद्र आयुष्यात मोजून चार वेळा पाहिला, पण ‘नाविक’ ही पार्श्वभूमी मला कधी खटकली नाही. किल्ल्यातला सरदार, मठातला पुजारी, बंदरावरचा चोर, सगळे पटले, कारण ते पुस्तकात छापलेले होते. आणि माझ्या घरापासून तीन किलोमीटरवरचा माणूस मला अशक्य वाटला. पटणं म्हणजे मला वाटत होतं बुद्धीचं काम. ते नुसत्या सवयीचं काम निघालं.

आमच्या भागात तर हे मला कधीच कळायला हवं होतं. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात अवनी वाघीण शोधायला काय काय आणलं होतं ते आठवा. हत्ती आणले. ड्रोन आणले. वरून पाहायला पॅराग्लायडर आणले. परदेशी जातीची शिकारी कुत्री आणली. तिला ओढायला परदेशी अत्तराचा वास वापरला. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली, त्याआधीचे कित्येक महिने संध्याकाळी पाचनंतर वावरात कोणी थांबत नव्हतं. यातली एक गोष्ट कोणी माझ्या काउंटरवर पात्राच्या कागदात लिहून आणली असती, जंगलात अत्तर शिंपडून वाघ शोधणारा पारधी वगैरे, तर मी तीही खोडली असती.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. तो “जाऊ द्या ना दादा” म्हणाला. काका म्हणाले, “मास्तर, तिकीट नाही म्हणजे मानूस गाडीत नाही असं नसते.” तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाचं वाक्य आहे ते.

तेव्हापासून आम्ही ‘आधार काय’ हा शब्द खेळात वापरत नाही. ‘मागचं काय?’ असं विचारतो. हे कसब तुझ्याकडे आलं कुठून, कोणी दिलं, त्यापायी काय गेलं, आणि कुठं ते चालत नाही. शेवटचा प्रश्न मी मचाणावर शिकलो. ज्याला खरोखर काही येतं त्याला आपलं कसब कुठं संपतं तेही माहीत असतं. ज्याने नुसतं लिहून टाकलेलं असतं तो तिथं अडखळतो, आणि अडखळला की त्याला वेळ द्यायचा. बहुतेक वेळा तो पुढच्या शनिवारी काहीतरी फार चांगलं घेऊन येतो.

नियम आम्ही ‘थर्टीन्थ एज’ या २०१३ च्या खेळातून उचलला. त्यात तयार पार्श्वभूमींची यादी पाळावी लागत नाही. प्रत्येकाला आठ गुण, ते आपल्या शब्दांत लिहिलेल्या पार्श्वभूमींवर वाटायचे, एकीवर जास्तीत जास्त पाच. मग खेळताना प्रसंग आला की खेळणाऱ्यानेच सांगायचं, माझं अमुक आयुष्य इथं कसं कामी येतं ते. टेबलाला पटलं तर तेवढे गुण फाशात मिळवायचे. भीमूने ‘जागल्या’वर पाच लावले आणि ‘आईच्या भाषा’वर तीन. मला हा नियम एवढा आवडतो कारण त्यात मागचं एकदाच तपासून शिक्का मारत नाहीत. ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ते पात्र मोठं होतं. काकांच्या पात्राला ‘पाहिलेला चेहरा विसरत नाही’ हे आहे. त्याचा वापर करायचा म्हणजे काकांना तो चेहरा कुठल्या गावच्या थांब्यावर चढला होता ते सांगावं लागतं. त्या थांब्यांवरून आमच्या नकाशावर सात नवी गावं झालीत.

सगळंच असं सहज सुटलं नाही. आतेभावाने दुसऱ्या खेपेला सेनापती आणला. “राजाचा सेनापती होता बे माहा मानूस. शंभर लढाया जितला.” ही तर जगभरच्या टेबलांवरची जुनी अडचण आहे. पात्र पहिल्या लेव्हलचं, दहा-बारा हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, गॉब्लिनसारख्या फडतूस राक्षसाचे दोन-तीन वार बसले की आडवं. शंभर लढाया जिंकलेला माणूस असा कसा मरेल? आणि त्याला शंभर लढायांचं बळ दिलं तर बाकीच्यांनी करायचं काय? मी पुण्यातला असतो तर सरळ म्हणालो असतो, दुसरं काहीतरी लिही. या वेळी विचारलं, “मग तो आज इथं एकटा का फिरतोय?”

त्याला उत्तर आलं नाही. आठवडाभर गप्प होता. पुढच्या शनिवारी आला आणि म्हणाला, “त्याचा हात थरथरते. डोयाले कधी कधी धुकं दिसते. तलवार धरता येत नाही पयल्यासारखी. पन लढाई कशी लागन ते त्याले दिसते.” एवढं बोलून तो नकाशाकडे पाहत राहिला.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. आतेभाऊ त्यातून वाचला. अकरा दिवस दवाखान्यात होता. परत आला तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. आता बराच बरा आहे, ट्रॅक्टर चालवतो. त्या दिवसांबद्दल तो आमच्या कोणाशी कधी बोलला नव्हता. सेनापतीच्या हाताबद्दल मात्र तो दर शनिवारी बोलतो. रात्री थंडी पडली की जास्त थरथरतो, कोणी पाहत असलं की जास्त थरथरतो, एकदा लहान पोरगं उचललं तेव्हा अजिबात थरथरला नाही. सेनापतीला आम्ही रणनीतीचे पाच गुण दिले आणि तलवारीचा एकही नाही. शंभर लढाया राहिल्या त्याच्याकडे.

एकदा मात्र नाही म्हणावं लागलं. तांड्यावरच्या पोरीने लिहून आणलं होतं की तिच्या पात्राला समोरचा खोटं बोलतोय ते कळतंच. मागचं तिने इतकं भरून सांगितलं की शंकेला जागा नव्हती. आई आठवडी बाजारात बसते, लहानपणापासून ती शेजारी बसून गिऱ्हाईकांचे चेहरे वाचत आली, कोण परत येतो म्हणून परत येत नाही ते तिला चार वर्षांची असताना कळायचं. मला शंभर टक्के पटलं. तरी मी अडलो, कारण आमच्या गोष्टीत एक खून झाला होता आणि काका तीन महिन्यांपासून एकेका साक्षीदाराच्या मागे होते. ही पोरगी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून खरं-खोटं सांगणार असेल तर काकांचे तीन महिने एका संध्याकाळीत संपतात.

तिथं मला माझी जुनी चूक आणखी नीट दिसली. टेबलावर आपण ‘हे पटत नाही’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला म्हणायचं असतं, ‘हे दुसऱ्याच्या वाटणीचं खातं’. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत आपण माणसाच्या आयुष्यावर संशय घेतो. दुसरीत फक्त पंगतीत सगळ्यांना पुरावं एवढंच पाहतो. मी अनेक वर्षं दुसरी तक्रार पहिलीच्या शब्दांत करत आलो होतो. वाटणीचं बोलायला संकोच वाटायचा, आणि अविश्वास दाखवायला वाटत नव्हता. हे असं का, याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. कदाचित वाटणीचं बोललं की सगळ्यांना मिळून ठरवावं लागतं, आणि अविश्वास एकट्याला दाखवता येतो.

मी तिला तसंच सांगितलं. तुझं खरं आहे, पण काकांचं काय करायचं? तिने काकांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि स्वतःच तोडगा काढला. “भावात बोलन तं कळन. जिथं काही घेनं-देनं चालू हाये तिथंच. खुनाचं मले काय समजते?” काका खूश झाले. पुढे त्या दोघांची जोडी जमली. काका साक्षीदार शोधतात, ती त्याला काहीतरी विकायला बसते.

२०२४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची सुधारित आवृत्ती आली, त्यात पार्श्वभूमी सोळा झाल्या आणि पहिल्यांदा ‘शेतकरी’ त्या मुख्य यादीत आला. त्याला जनावरं हाताळणं आणि निसर्गाची जाण ही दोन कौशल्यं आहेत, आणि वर एक गुण, चिवट. त्याने हिट पॉइंट वाढतात. आतेभावाने ते पान दोनदा वाचलं. आधीच्या आवृत्तीतल्या त्या खास सोयी मात्र काढून टाकल्या, नाविकाचं जहाज, रानातल्या माणसाचं अन्नपाणी. सगळ्यांना सारखं जमावं म्हणून हिशेब नीटस केला असावा. मला वाईट वाटलं. त्या सोयींमुळेच पात्राला मागचं आहे हे खेळताना आठवायचं. आम्ही आमच्या काउंटरवर त्या तशाच ठेवल्यात.

भीमूची फाइल, म्हणजे त्या पोराची, समितीपुढे आहे. त्याच्या एका चुलत आज्याचं नाव शेजारच्या गावच्या जुन्या रजिस्टरात निघालं, त्याची नक्कल जोडली आहे. दिवसा तो काउंटरच्या पलीकडे असतो तेव्हा मी अजून तेच विचारतो, कारण ते विचारणं माझं काम आहे. पण लाल पेन शनिवारी ड्रॉवरमध्ये राहतं.

या आषाढातली गोष्ट. खेळात आमची मंडळी एका खिंडीत मुक्कामाला होती. मागे शत्रूची माणसं लागलेली, रात्र, विस्तव पेटवायची सोय नाही. मी काहीतरी वातावरण करावं म्हणून बोलता बोलता सांगून गेलो होतो की पाऊस लागलाय, दगडांवरून पाणी वाहतंय. मग म्हणालो, खिंडीच्या तोंडाशी काहीतरी हललं. सगळ्यांनी भीमूकडे पाहिलं. हेच तर त्याचं काम. पाच गुण, आणि सगळ्यांचा जीव त्यावर.

त्याने फासा उचलला, मुठीत हलवला आणि थांबला. बाहेर खरोखरचा पाऊस शटरवर वाजत होता. फासा परत नकाशावर ठेवून तो म्हणाला, “दादा, तुमीच आत्ता सांगतलं ना पानी लागलं म्हनून. मंग मले काही आयकू येत नाही.”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. आतेभावाने चिठ्ठ्यांची कंपासपेटी स्वतःकडे ओढली.

“तुमी झोपा सारे,” सेनापती म्हणाला. “मी बसतो जागत.”